टाकीखालच्या शेवाळाला कोणता दिवा?

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याचा सगळा जीव वरच्या दिव्यात गुंतलेला असतो. प्रवाळांवर निळा उजेड किती, पांढरा किती, सकाळी हळूहळू वाढायला हवा की नको, यावर तासन् तास बोलणारी माणसं मला भेटली आहेत. त्याच टाकीखालच्या कपाटात, जिथे शेवाळाचा गोळा वाढवायचा असतो, तिथला दिवा मात्र शेवटी उरलेल्या पैशांत येतो. दुकानात विचारलं तर कुणी जांभळा दिवा पुढे करतो, कुणी वॅटचा मोठा आकडा सांगतो, आणि आपण त्यातलाच एक उचलतो. माझ्या मते टाकीतलं पाणी चांगलं राहणार की बिघडणार, हे बऱ्याच अंशी या खालच्या दिव्यावर ठरतं. तो निवडताना रंगाआधी एकच गोष्ट पाहायची: शेवाळापर्यंत प्रत्यक्षात उजेड पोचतो किती.

आधी हा गोळा तिथे का ठेवतात ते पाहू. मुख्य टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये येतं, तिथे गाळून, स्किमरने फेसातून घाण काढून, पंपाने पुन्हा वर जातं. या सम्पचाच एक कप्पा म्हणजे रेफ्युजियम. तिथे मासे नसतात, त्यामुळे कोपेपॉडसारखे बारीक जीव न खाल्ले जाता वाढतात आणि तिथेच मोठं समुद्री शेवाळ वाढवता येतं. माशांना घातलेलं खाणं शेवटी अमोनिया होतं, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट साचत जातं. सोबत फॉस्फेटही साचतं. ते बाहेर काढायचा नेहमीचा उपाय म्हणजे पाणी बदलणं. आपल्याकडे तो खर्चाचा आहे, कारण प्रत्येक लिटर घरीच बनवावं लागतं: आर.ओ.चं पाणी आणि त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ. वीस लिटर बदलायचे म्हटले की ७०० ग्रॅम मीठ गेलं. शेवाळ हेच नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेऊन वाढतं. वाढलेलं कापून बाहेर काढलं की तेवढी घाण पाण्यातून कायमची गेली. काचेवरचं आणि खडकावरचं नको असलेलं शेवाळ मग उपाशी राहतं.

याचा हिशेब मांडता येतो. निथळलेलं ओलं शेवाळ १०० ग्रॅम घेतलं तर सुकल्यावर साधारण १० ते १५ ग्रॅम उरतं, आणि त्यात नायट्रोजन २ ते ४ टक्के असतो. दहा ग्रॅम कोरडं आणि ३ टक्के धरले तर ०.३ ग्रॅम नायट्रोजन होतो. नायट्रेटच्या मापात तो सुमारे १.३ ग्रॅम. २०० लिटरच्या टाकीत याचा अर्थ लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅम नायट्रेट कमी. मूठभर शेवाळ कापण्याला एवढी किंमत आहे.

ही कल्पना कुणा एका शौकिनाची नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास तिथल्या संग्रहालयात जिवंत प्रवाळखडकाची टाकी उभारली आणि तिचं पाणी शुद्ध करायला जाळीवर वाढवलेलं, भरपूर उजेडातलं शेवाळ वापरलं. त्यांचा भर उजेड आणि लाटेसारखी हालचाल या दोन गोष्टींवर होता. आज घरोघरच्या सम्पमध्ये दिसणारा हिरवा गोळा त्याच विचाराच्या कुळातला आहे.

शेवाळाला किती उजेडाची सवय असते हे बघायला मुंबईकराला फार लांब जावं लागत नाही. हिवाळ्यात मोठ्या ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या किंवा वाळकेश्वरखालच्या खडकांवर उतरा. पोपटी रंगाची, टिश्यू कागदासारखी पातळ पानं म्हणजे अल्वा. खड्ड्यांतल्या पाण्यात कॉलेर्पा सापडते, पंख्यासारखी पॅडिना दिसते, तांबूस काड्यांची ग्रॅसिलॅरिया दिसते. डॅनिश शैवालतज्ज्ञ फ्रेडरिक बोर्गेसन यांनी १९२७-२८ च्या हिवाळ्यात मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर फिरून अशीच शेवाळं गोळा केली आणि १९३० पासून त्यांवर लेख प्रसिद्ध केले. अलीकडे, २०१७ पासून, ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट लोकांना याच खडकांवर घेऊन जातो. मुंबईचा समुद्र गढूळ आहे, उजेड पाण्यात फार खोल उतरत नाही, म्हणून इथली बहुतेक शेवाळं भरती-ओहोटीच्या पट्ट्यात दाटलेली असतात. म्हणजे दिवसातले काही तास उघड्या उन्हात, काही तास मातकट पाण्याखाली. भर दुपारचं स्वच्छ ऊन चौरस मीटरला सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल फोटॉन टाकतं. मायक्रोमोल हे इथे उजेडाचे कण मोजायचं माप आहे, आणि पुढे तेच लागणार आहे. खडकावरच्या शेवाळाला इतका उजेड सोसतो, पण तेवढा लागतोच असं नाही. बऱ्याच शेवाळांची वाढ याच्या दशांश-पंचमांश उजेडातच पोटभर होते. त्यापुढचा उजेड वाया जातो किंवा बाधतो.

आता रंग. दुकानातला सगळा गोंधळ इथे आहे, आणि त्याची उकल दीडशे वर्षांपासून हळूहळू होत आली आहे.

जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी १८८२ मध्ये क्लॅडोफोरा या हिरव्या शेवाळाच्या धाग्यावर सूक्ष्मदर्शकाखाली इंद्रधनुष्यासारखा पट्टा पाडला. सोबत त्यांनी प्राणवायूच्या शोधात धावणारे जिवाणू सोडले. जिवाणू दोन ठिकाणी दाटीवाटीने जमले: तांबड्या उजेडात आणि निळ्या-जांभळ्या उजेडात. जिथे शेवाळ सर्वांत जास्त प्राणवायू सोडत होतं तिथे गर्दी झाली. क्लॅडोफोराचा सख्खा नातेवाईक म्हणजे कीटोमॉर्फा, शौकिनांच्या तोंडचा ‘चेटो’, जो जगभरच्या रेफ्युजियममध्ये सर्वांत जास्त वाढवला जातो. भांडी घासायच्या हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखा दिसणारा, मुळं नसलेला, कुठेही न चिकटणारा धाग्यांचा गोळा. म्हणजे चेटोच्या घराण्याने आपल्याला कोणता उजेड आवडतो हे १८८२ मध्येच सांगून टाकलं होतं.

जांभळे दिवे याच निष्कर्षातून आले: फक्त तांबडा आणि निळा द्या, हिरवा कशाला जाळायचा? त्यामागे आणखी एक कारण होतं. १९८०-९० च्या काळात अवकाशात भाजी पिकवण्याच्या प्रयोगांसाठी नासाच्या मदतीने एलईडी वापरून पाहिले गेले, तेव्हा तांबडे एलईडीच काय ते चांगले मिळत होते. निळा तेजस्वी एलईडी १९९० च्या दशकात आला. तो घडवणाऱ्या तीन जपानी शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्यावर फॉस्फरचा थर देऊन पांढरा एलईडी बनतो, आणि सुरुवातीला तो कामाच्या मानाने कमकुवत होता. आता तसं राहिलेलं नाही. जांभळ्या दिव्याची शिफारस अजून चालू आहे, पण तिची गरज कधीच संपली.

हिरवा उजेड शेवाळाच्या कामाचा नाही, हा समजही तपासून झाला आहे. १९५० मध्ये हॅक्सो आणि ब्लिंक्स या दोघा शास्त्रज्ञांनी समुद्री शेवाळांच्या प्रकाशसंश्लेषणाची रंगवार मोजणी केली. अल्वासारख्या हिरव्या शेवाळात निळा आणि तांबडा पुढे होते, पण हिरव्या उजेडातही काम चालू होतं. लाल शेवाळांत तर उलटंच निघालं: हिरवा उजेड सर्वांत प्रभावी, कारण त्यांच्यातला फायकोएरिथ्रिन हा रंगद्रव्य-घटक हिरवाच उजेड टिपतो. ग्रॅसिलॅरिया जांभळ्या दिव्याखाली ठेवणाऱ्याने हे लक्षात घ्यावं; तिला जे सर्वांत जास्त उपयोगी तेच त्या दिव्यात नाही. त्यानंतर रॉबर्ट इमर्सन यांनी १९५७ मध्ये दाखवलं की गडद तांबडा उजेड एकटा दिला तर काम ढिलं पडतं, आणि त्यासोबत कमी तरंगलांबीचा उजेड दिला की दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त काम होतं. एकाच रंगावर शेवाळ राबवण्यात फायदा नाही.

प्रवाळांचे दिवे निळे का असतात मग? कारण पाणी तांबडा उजेड गिळतं. ६६० नॅनोमीटरचा तांबडा उजेड स्वच्छ पाण्यातही ५ मीटर खाली जेमतेम १३ टक्के उरतो, १० मीटरवर दोन टक्क्यांच्याही खाली. खोल पाण्यातल्या प्रवाळांची सवय निळ्याशी जुळलेली. पण आपल्या रेफ्युजियममध्ये पाणी असतं ३० सेंटीमीटर. तेवढ्यात तांबड्याचा सुमारे आठवा-नववा हिस्साच कमी होतो. म्हणून वरच्या टाकीचा जुना निळा दिवा खाली लावून शेवाळ वाढवणं म्हणजे खोल समुद्राचा उजेड खडकावरच्या शेवाळाला देणं. ते मरत नाही, पण फुलतही नाही. कमी उजेडात तग धरणारी शेवाळं आहेत, हे खरं. बहामाच्या सान साल्व्हादोर बेटाजवळ १९८४ मध्ये २६८ मीटर खोलीवर खडकाला चिकटलेलं लाल शेवाळ सापडलं. तिथे पृष्ठभागाच्या उजेडाचा अगदी नगण्य अंश पोचतो. ते वाढतं अत्यंत सावकाश. आपल्याला मात्र पंधरवड्यात मूठभर कापता यायला हवं.

म्हणून माझी पसंती साध्या पांढऱ्या एलईडीला आहे. ३,००० ते ५,००० केल्व्हिनमधला, उबदार-मध्यम छटेचा. त्यात तांबडा पुरेसा असतो. सोबत ६६० नॅनोमीटरचे चार तांबडे एलईडी असतील तर चांगलंच, नसतील तर अडत नाही. एक कारण तर निव्वळ व्यवहाराचं आहे: पांढऱ्या उजेडात शेवाळ दिसतं. ते फिकट पडलंय, टोकं पांढरी झालीत, आत काळपट कुजतंय, वर तपकिरी धूळ बसलीय, हे सगळं रंगावरून ओळखायचं असतं. जांभळ्या उजेडात हिरवा गोळा काळा दिसतो आणि कुजलेला गोळाही काळाच दिसतो.

रंग ठरला की मूळ प्रश्न येतो: किती? इथे वॅट, ल्युमेन आणि ‘हजार वॅटच्या बरोबरीचा’ अशी लेबलं तिन्ही दिशाभूल करतात. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो ते नाही. ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजलेले असतात. आपल्या डोळ्याला पोपटी-पिवळा सर्वांत तेजस्वी वाटतो, निळा आणि गडद तांबडा मंद. म्हणून जांभळ्या दिव्याचे ल्युमेन कमी दिसतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. बरोबरीच्या मोठ्या आकड्यांचे दिवे प्रत्यक्षात बरेचदा त्याच्या दशांश वीज घेतात. लॅमिंग्टन रोडवर प्लगमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर मिळतं. ते एकदा लावून पाहिलं की लेबलाचं खरं-खोटं जागच्या जागी कळतं.

मोजायचे ते फोटॉन. चांगला एलईडी एका वॅटला सेकंदाला साधारण २ ते २.५ मायक्रोमोल फोटॉन देतो. वीस वॅटचा दिवा घेतला तर ४० मायक्रोमोल. रेफ्युजियमचा कप्पा ३० बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. दिव्याचा निम्माच उजेड पाण्यापर्यंत पोचला असं धरलं (बाकीचा भिंतींवर, काचेवर, कपाटाच्या फळीवर जातो), तर चौरस मीटरमागे सुमारे २२० मायक्रोमोल पडतात. चेटोसाठी १५० ते ३०० हा पट्टा मला योग्य वाटतो. १०० च्या खाली तो नुसता तगतो. ग्रॅसिलॅरियाला ५० ते १५० पुरतात. एवढ्या छोट्या कप्प्याला वीस-पंचवीस वॅटचा प्रामाणिक दिवा पुरतो, हे यातून निघतं, आणि त्यासाठी नावाजलेल्या परदेशी ब्रँडची गरज नाही. लोहार चाळीत दिव्यांच्या दुकानांतून मिळणारा पाणीरोधक पांढरा फ्लडलाइट हे काम करतो. फक्त खोक्यावर खरे वॅट आणि केल्व्हिन लिहिलेत की नाहीत ते पाहून घ्यावं.

मोजायचं यंत्र महाग आहे, पण पांढऱ्या दिव्यापुरता पर्याय हाताशी आहे. फोनमधलं लक्समीटर ॲप अचूक नसलं तरी अंदाजाला चालतं. पांढऱ्या एलईडीसाठी साधारण ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल. म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या उंचीवर फोन धरला आणि १४,००० लक्स दिसले तर उजेड सुमारे २००. (फोन पाण्यात पडणार नाही याची काळजी घेऊन, खारं पाणी फोनला क्षमा करत नाही.) जांभळ्या दिव्याला हा हिशेब लावू नये. लक्सचं मापच डोळ्याच्या धर्तीवर बनलेलं असल्याने तिथे आकडा फारच कमी येतो.

एक पायरी पुढे जाऊन, या उजेडातून महिन्याला किती शेवाळ निघेल तेही सांगता येतं. शेवाळाच्या कोरड्या वजनात सुमारे ३० टक्के कार्बन असतो, आणि तो सगळा पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून उजेडाच्या जोरावर बांधलेला. कार्बनचा एक अणू बांधायला कमीत कमी आठ फोटॉन लागतात, व्यवहारात दहा धरू. १०० ग्रॅम ओल्या शेवाळात कार्बन तीन ग्रॅम, म्हणजे पाव मोल; त्याला अडीच मोल फोटॉन. आपल्या कप्प्यावर २०० मायक्रोमोलचा उजेड १२ तास पडला तर दिवसाला पाऊण मोलच्या जरा वर जमतात. म्हणजे कागदावर तीन-सव्वातीन दिवसांत १०० ग्रॅम. प्रत्यक्षात काही उजेड शेवाळाबाहेर पडतो, काही परावर्तित होतो, रात्री शेवाळ श्वसनात कमावलेलं खर्चही करतं, म्हणून दोन-तीन पट वेळ धरावा. आठवडा-दहा दिवसांत मूठभर. तुमच्याकडे यापेक्षा फार कमी निघत असेल तर दिवा, अंतर किंवा पाण्यातलं खाद्य यांपैकी काहीतरी कमी पडतंय.

अंतराबद्दल थोडं. छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. पसरट पॅनेलला हा नियम इतका कडक लागत नाही, तरी दिवा उंच टांगण्यात नुकसानच आहे. पाण्यापासून वीत-दीड वीत उंचीवर तो असावा. काचेतून आडवा उजेड देणारे आणि थेट पाण्यात बुडवायचे दिवेही मिळतात. त्यांच्या काचेवर आठवड्याभरात हिरवा-तपकिरी थर बसतो आणि उजेड गुपचूप कमी होत जातो. पुसायचा आळस असेल तर ते घेऊ नयेत. वर टांगलेल्या दिव्यावरही फेसाचे थेंब उडून मिठाची पांढरी साय जमते. ओल्या फडक्याने ती पुसली की काही टक्के उजेड फुकट परत मिळतो.

चेटोचा गोळा वाढला की स्वतःच स्वतःवर सावली धरतो. वरची दोन-तीन बोटं हिरवीगार, आतला गाभा अंधारात पिवळा आणि लिबलिबीत. हा गाभा कुजला की साठवलेलं नायट्रेट-फॉस्फेट पुन्हा पाण्यातच सोडतो, म्हणजे सगळी मेहनत उलटी. दिवा वाढवून हे सुटत नाही. गोळा पाण्याच्या धारेने सावकाश फिरत राहील अशी सोय केली, किंवा दर छाटणीला तो उलटा-पालटा करून सैल केला, की सगळ्या बाजूंना उजेड पोचतो. हलत्या पाण्याने आणखी एक काम होतं: धाग्याला लागून असलेलं, खाद्य संपलेलं पाणी बाजूला होतं आणि ताजं येतं. उजेड भरपूर आणि पाणी निपचित, अशा कप्प्यात शेवाळ उजेड असून उपाशी राहतं.

तास किती आणि कोणते? १० ते १४ तास पुरतात. अनुभवी लोक रेफ्युजियमचा दिवा रात्री, म्हणजे वरची टाकी अंधारात असताना लावतात, आणि त्याला भक्कम कारण आहे. अंधारात मासे, प्रवाळ, जिवाणू सगळे कार्बन डायऑक्साइड सोडतात, पाण्याचा सामू खाली येतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या आसपास राहावा अशी अपेक्षा असते. रात्री शेवाळ जागं असलं तर ते हाच कार्बन डायऑक्साइड खातं आणि सामूची घसरण अडवतं. मुंबईतल्या घरांत याचं महत्त्व जास्तच आहे. एसी लावून, खिडक्या बंद करून चार-पाच माणसं एका खोलीत झोपतात तेव्हा खोलीतल्या हवेतच कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो पाण्यातही उतरतो.

पण याच घरांत अडचणही आहे. गिरगावच्या चाळीतल्या खोलीत किंवा लालबागच्या वन-बीएचकेमध्ये टाकी असते झोपायच्याच खोलीत. रात्रभर कपाटाच्या फटीतून उजेड येऊ लागला की घरातल्यांची झोपमोड होते आणि आठवड्यात दिवा दिवसाचा होतो. घरच्यांचं चुकत नाही. कपाटाच्या दाराला आतून काळा फोम लावावा, हवेच्या भोकांसमोर काळ्या पुठ्ठ्याची आडवी पट्टी द्यावी, म्हणजे हवा येते आणि उजेड अडतो. तेही जमत नसेल तर संध्याकाळी सहा ते रात्री बारा आणि पहाटे पाच ते नऊ असे दोन तुकडे करावेत. शेवाळाची तक्रार नसते. कपाटाच्या आतही रेफ्युजियम आणि शेजारचे कप्पे यांच्यात काळी ॲक्रिलिकची पाटी घालावी. उजेड जिथे जिथे पडेल तिथे शेवाळ येतं, आणि ते पंपाच्या तोंडात किंवा स्किमरच्या नळीत आलेलं कुणालाच नको असतं.

विजेचा खर्च किरकोळ आहे. शहर भागात कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टची वीज येते. २४ वॅटचा दिवा १२ तास चालला तर महिन्याला पावणेनऊ युनिटच्या आत. खरा प्रश्न उष्णतेचा. दिव्याने खाल्लेली वीज शेवटी उष्णताच होते. २४ वॅट १० तास, आणि सगळी उष्णता २०० लिटर पाण्यात गेली असं समजलं, तर तापमान एक अंशाने वाढेल. प्रत्यक्षात बरीच हवेत जाते, म्हणून एलईडी निभावतो. त्याच जागी १०० वॅटचा हॅलोजन लावला तर हाच हिशेब चार अंशांवर जातो. मे महिन्यात परळच्या वरच्या मजल्यावरची खोलीच तिशीच्या पुढे असते, आणि तिशीपुढचं पाणी प्रवाळांना सोसत नाही. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे विजेची डबी, कपाटाबाहेर काढली की थोडा त्रास कमी होतो. ती बाहेर हवीच, कारण खाऱ्या, दमट हवेत आणि पावसाळ्यात तिच्या आतल्या तारा लवकर गंजतात.

सुरक्षेत मात्र काटकसर नको. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. दिव्याला किमान आयपी ६५ दर्जाचं पाणीरोधक कवच, वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ देऊन वळण, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी टपकतं, आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पियरचा, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी. जुन्या इमारतींत अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच घ्यावं. वीज गेल्यावर काय, याचाही विचार हवा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज सकाळीच गेली आणि अनेक भागांत तासन् तास आली नाही. अंधारातलं शेवाळ प्राणवायू देत नाही, उलट माशांसोबत तेही तो घेतं. मोठा गोळा असलेल्या टाकीला म्हणूनच बॅटरीवरचा एअरपंप जास्त गरजेचा.

सगळं करूनही शेवाळ वाढत नसेल तेव्हा बहुतेक जण दिवा बदलतात. त्याआधी पाणी तपासावं. नायट्रेट किंवा फॉस्फेट यांपैकी एक शून्यावर आलं असेल तर कितीही उजेड दिला तरी शेवाळ थांबतं. उजेड जास्त आणि खाद्य कमी असेल तर ते फिकट पडतं, टोकं काचेसारखी पारदर्शक होतात. तेव्हा दिवा मंद करणं हाच उपाय. लोह कमी पडलं तरी फिकटपणा येतो. उलट गडद हिरवं, मंद वाढणारं शेवाळ म्हणजे उजेड कमी. नवीन टाकीत तर पहिले काही महिने शेवाळाला पोटभर खायला नसतंच. तिथे १०० मायक्रोमोल आणि आठ तासांपासून सुरुवात करून मग वाढवावं.

कॉलेर्पा दिसायला चेटोपेक्षा देखणी, पण तिच्यासोबत एक धोका येतो. ती कधीकधी एका रात्रीत प्रजननावर जाते: अंगातलं सगळं द्रव्य बीजपेशींच्या रूपात पाण्यात सोडते, पाणी दुधाळ-हिरवं होतं आणि मागे पारदर्शक सांगाडा उरतो. शोषलेलं सगळं एका झटक्यात परत टाकीत. दिवा चोवीस तास चालू ठेवला तर हे टळतं असा शौकिनांचा अनुभव आहे, म्हणून काही जण तसं करतात. नियमित छाटणीचाही उपयोग होतो. नवशिक्याने चेटोच घ्यावा. किनाऱ्यावरून शेवाळ उचलून आणायचा मोह अनेकांना होतो. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं आणि शेवाळासोबत नको ते जीव घरात येतात. त्यातून दगडासकट आणलं आणि त्यावर प्रवाळ असलं तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये तिथले काही प्रवाळ परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले होते. शेवाळ दुसऱ्या शौकिनाकडून मागून आणावं. मुंबईत ते सहज मिळतं, कारण ज्याचा दिवा बरोबर आहे त्याच्याकडे ते उरतंच.

आणि उरलेलं समुद्रात टाकू नये, चौपाटी दहा मिनिटांवर असली तरी. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया ही जात १९८४ मध्ये मोनाकोच्या समुद्री संग्रहालयासमोर पहिल्यांदा दिसली आणि तिथून भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. तीच २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात सापडली तेव्हा ताडपत्र्या टाकून, खाली क्लोरिन सोडून, सहा वर्षं झगडून ती काढावी लागली. आपल्याकडे मन्नारच्या आखातात शेतीसाठी आणलेलं कॅप्पाफायकस हे परदेशी शेवाळ कुरुसडै बेटाच्या प्रवाळांवर चढलं. छाटलेलं शेवाळ संडासात किंवा गटारातही सोडू नये, कारण ते पाणी शेवटी समुद्रातच जातं. खिडकीच्या ग्रिलवर वर्तमानपत्र अंथरून दोन दिवस कडक उन्हात वाळवलं की ते मरतं. मग गोड्या पाण्यात दोनदा धुवून मीठ काढलं तर तुळशीच्या कुंडीतल्या मातीत मिसळता येतं. छाटणीच्या दिवशी आणखी एक करावं: उरलेला गोळा आता लहान आणि सैल असतो, आधी सावलीत असलेल्या धाग्यांवर एकदम पुरा उजेड पडतो. तीन-चार दिवस दिवा दोन तासांनी कमी ठेवावा आणि टोकांचा रंग भरून आला की टायमर पुन्हा पूर्ववत करावा.